‘त्या’ तळ्याकाठचा : डच आडनावे आणि त्यांचे पाठभेद

विशेषनाम केवळ निर्देश करते, त्याला अर्थ नसतो, हा सिद्धान्त जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडला आणि त्यासाठी डार्टमथ या इंग्रजी गावाचे उदाहरण घेतले. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून ते डार्टमथ. परंतु उद्या वाळूने नदीचे मुख बुजले किंवा भूकंपाने तिचा प्रवाह दुसरीकडे वळला, तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही. तेव्हा नदीमुखाशी असणे हा त्या नावाच्या अर्थाचा भाग नव्हे, असे मिलचे म्हणणे. तर्कशास्त्र म्हणून ते बिनतोड आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याच उदाहरणातून नेमका उलटा प्रश्न पडायला हवा. नदी सरकली आणि नाव राहिले, तर नदी एके काळी तेथे होती हे आता आपल्याला कोण सांगते? नावच सांगते. मिलला जो नावाचा अर्थहीनपणा वाटला, तोच आमच्या दृष्टीने नावाचा दस्तऐवज होण्याचा क्षण आहे.

हा मुद्दा तपासून पाहण्यासाठी डच आडनावांइतके सोयीचे क्षेत्र आम्हांला दुसरे दिसत नाही. याचे कारण उघड आहे. ज्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली आहे, जेथे तळी उपसून शेते केली गेली आणि शेते खणून तळी झाली, तेथे मिलच्या कल्पनेतला भूकंप माणसांनी फावड्याने आणि पाणचक्क्यांनी कित्येक शतके घडवून आणला आहे. आणि त्याच देशातील आडनावांचा एक फार मोठा वर्ग भूरूपांवरून आलेला आहे: बांध, टेकाड, तळे, ओढा, रान, दलदल, माळ, कोपरा. आपल्याकडे साहित्याचे व कलेतिहासाचे वर्ग व्हर्मेर, राउसडाल, बॉश, फॉन्डेल ही नावे अर्थशून्य ध्वनी म्हणून घेतात. ही सवय मोडावी, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. पण ती मोडताना दुसऱ्या एका, अधिक गोड अशा चुकीत पडू नये, हाही आग्रह तितकाच आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘डाइक’ म्हणजे पाणी अडवणारा बांध. त्यावरून व्हान डाइक, डाइकमान, डाइकस्ट्रा. ‘मेर’ म्हणजे तळे (आपल्या शेताच्या मेरेशी त्याचा संबंध नाही). त्यावरून व्हान डेर मेर, व्हर्मेर. ‘बेक’ म्हणजे ओढा. व्हान बेक, व्हान डेर बेक, व्हर्बेक. ‘ब्रूक’ म्हणजे सखल पाणथळ जमीन. व्हान डेन ब्रूक, ब्रूकमान, टेन ब्रूके. ‘व्हेन’ म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेली जळाऊ मातीची दलदल. व्हान डेर व्हेन, व्हेनमान, व्हेनस्ट्रा. ‘बॉस’ म्हणजे रान. व्हान डेन बॉस, बॉसमान, नुसते बॉस. सतराव्या शतकातील श्रेष्ठ डच कवी योस्ट व्हान डेन फॉन्डेल (१५८७–१६७९) याच्या आडनावातील ‘फॉन्डेल’ म्हणजे ओढ्यावर किंवा चरावर टाकलेला लाकडी साकव. मराठी विद्यार्थ्याला ‘साकवापासचा योस्ट’ असे एकदा सांगावे आणि मग ‘लुसिफर’ या त्याच्या शोकांतिकेकडे वळावे. कवी त्याला निदान माणूस वाटू लागेल. कवीचा जन्म मात्र कोलोन या जर्मन शहरात, अँटवर्पहून आलेल्या कुटुंबात झालेला होता. तो साकव कोठला, हे आडनाव सांगत नाही. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता व्याकरण पाहू, कारण खरी मौज तेथे आहे. या नावांत नामाइतकेच महत्त्व त्याच्या आधी येणाऱ्या दोन चिमुकल्या शब्दांना आहे. ‘व्हान’ म्हणजे ‘चा, कडचा’. त्यानंतर येणारे ‘डेन’, ‘डेर’ किंवा नुसता ‘ट’ हे निश्चित उपपद. मराठीत उपपद नसल्याने ते आपल्या कानांवरून सहज निसटते. परंतु ‘व्हान डेर मेर’ याचा अर्थ ‘तळ्याकाठचा’ एवढाच नसून ‘त्या तळ्याकाठचा’ असा आहे. कोणत्या तळ्याच्या? तळ्याला नाव दिलेले नाही, कारण देण्याची गरज नव्हती. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ते तळे ठाऊक होते. पंचक्रोशीत ते एकच होते, किंवा बोलण्यात येण्याजोगे एकच होते. ‘त्या बांधावरचा यान’, ‘त्या टेकाडावरचा पीटर’ असे म्हणणाऱ्यांचे जग किती लहान आणि किती एकमेकांच्या माहितीतले होते, हे त्या उपपदातून कळते. आपल्या ‘-कर’ प्रत्ययाशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. ‘-कर’ बहुधा गावाच्या विशेषनामाला लागतो. ‘तळेकर’ ऐकताच आपण तळे नावाचे गाव शोधू लागतो. म्हणजे आपले नाव गावाबाहेरच्या माणसासाठी घडलेले आहे: हा अमक्या गावचा, अशी ओळख परक्या मुलखात लागते. व्हान डेर मेर हे नाव गावातल्या गावात घडलेले आहे. डच भाषेतही गावनामांवरून आलेली आडनावे विपुल आहेत, पण सामान्यनाम आणि उपपद यांच्या जोडीने बनलेला हा वर्ग वेगळा आहे. त्याचे वेगळेपण प्रत्ययाने नव्हे, तर ‘त्या’ या न लिहिलेल्या मराठी शब्दानेच दाखवता येते.

या उपपदांत आणखी एक गोष्ट जतन झाली आहे. ‘डेन’ आणि ‘डेर’ ही मुळात विभक्तीची रूपे. पुल्लिंगी नामाला एक, स्त्रीलिंगीला दुसरे. ‘टेन’ आणि ‘टेर’ (टेन ब्रूके, टेर होर्स्ट) ही ‘पाशी’ या अर्थाच्या ‘टे’ या शब्दाची त्याच उपपदांशी झालेली संधी. आजच्या डच भाषेतून ही विभक्तिव्यवस्था गेली. बोलण्यातून ती फार पूर्वीच गेली होती, आणि १९४७ च्या शुद्धलेखन सुधारणेने लेखनातूनही तिला जवळजवळ रजा दिली. आडनावांत मात्र ती शाबूत आहे. अ‍ॅम्स्टरडॅममधला ट्रामचालक आपले नाव सांगताना मध्ययुगीन विभक्ती उच्चारतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘बेर्ख’ हे नाम पुल्लिंगी, म्हणून ‘व्हान डेन बेर्ख’ हे रूप अपेक्षित; तरीही कोठे कोठे ‘व्हान डेर बेर्ख’ आढळते. वैयाकरण त्याला अशुद्ध म्हणेल. आम्ही म्हणू, की विभक्तीचे भान लोकांच्या तोंडून सुटत होते त्या काळाचा हा ठसा आहे.

‘बेर्ख’ म्हणजे पर्वत. युरोपातील नेदरलंड्सची सर्वांत उंच जागा दक्षिणेच्या टोकाला, ३२२ मीटर उंचीची. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला ती पायथ्याची टेकडी वाटेल. आणि तरीही ‘व्हान डेन बेर्ख’ हे त्या देशातील अत्यंत प्रचलित अशा पहिल्या दहा आडनावांत मोडते. सपाट प्रदेशात वाळूचा दोन पुरुष उंचीचा उंचवटा हा पर्वतच. पुराच्या रात्री कोरडी राहणारी जागा ती हीच. शब्दकोशातला अर्थ उचलून ‘पर्वतीय’ असे भाषांतर करणारा येथे फसतो. भूरूपाच्या शब्दाचा अर्थ त्या भूमीवर उभे राहूनच ठरतो. फ्रिसलंडमधील ‘टेर्पस्ट्रा’ हे नाव याहून बोलके आहे. ‘टेर्प’ म्हणजे बांध घालण्याची विद्या येण्यापूर्वी, भरतीपासून वाचण्यासाठी माणसांनी माती, शेण, कचरा यांची भर घालून रचलेला वस्तीचा उंचवटा. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर अशा उंचवट्यांवर राहणाऱ्या लोकांचे वर्णन पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने केले आहे. ‘-स्ट्रा’ हा फ्रिसियन प्रत्यय ‘बसणारा, राहणारा’ अशा जुन्या शब्दापासून आला. म्हणजे टेर्पस्ट्रा टेर्पवर राहणारा, हूकस्ट्रा कोपऱ्यावरचा, झाइलस्ट्रा बांधातील पाणदरवाजापाशी राहणारा, डाइकस्ट्रा बांधावरचा. व्हान डाइक आणि डाइकस्ट्रा ही एकाच भूरूपाची दोन भाषांतली नावे आहेत.

आता मिलच्या नदीकडे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नैर्ऋत्येला हार्लेमरमेर नावाचे एक विशाल तळे होते. वादळात ते काठ खात असे आणि शहरांवर चालून येत असे. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी ते उपसून कोरडे केले. आज त्या तळ्याच्या तळावर शेते, गावे आणि स्खिपोल विमानतळ आहे. त्याआधी, १६१२ साली, पाणचक्क्यांनी बेम्स्टर हे तळे उपसले गेले होते. आखीव चौकोनी शेतांचा तो प्रदेश १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उलट दिशेची गोष्ट ‘व्हेन’ची. सतराव्या शतकातील डच शहरांच्या चुली, भट्ट्या, विटांचे आवे ज्या जळणावर चालले, ते ही दलदलीची माती खणून, वाळवून केलेल्या विटांचे होते. लोकांनी आपली जमीन अक्षरशः जाळली, आणि खणलेल्या जागी पाणी साचून नवी तळी झाली. व्हिन्सेंट व्हान गॉख १८८३ च्या शरद ऋतूत ड्रेन्ट या प्रांतात राहिला, तेव्हा हे खणणे तेथे अजून चालू होते आणि त्याने ते चितारले. तेव्हा व्हान डेर मेरचे तळे शेत होऊन बसलेले असू शकते आणि व्हान डेर व्हेनची जमीन तळे. नाव मात्र जेथल्या तेथे. नकाशे शासनाच्या सोयीने नवे होतात. आडनावाची आवृत्ती निघत नाही.

आवृत्ती निघत नाही हे मात्र पूर्ण खरे नाही, आणि येथून आमच्या मुख्य मुद्द्याला सुरुवात होते. आडनावाचे पाठभेद होतात. ‘डाइक’मधील स्वर कोणी ‘आय’ आणि ‘जे’ ही अक्षरे जोडून लिहितो, कोणी ‘वाय’ने, आणि जुन्या लेखनात अखेरच्या ‘के’ आधी ‘सी’ही येतो. व्हान डेर हैडेन आणि व्हर्हैडेन, व्हान डेर म्यूलेन आणि व्हर्म्यूलेन (गिरणीपाशीचा), बॉस हे नाव ‘सीएच’सह आणि त्याविना. शुद्धलेखनाचे नियम शासन बदलते, पण नोंदवलेले आडनाव त्या नियमांच्या कक्षेबाहेर असते. म्हणून १९४७ च्या सुधारणेने रानाच्या ‘बॉस’ या शब्दातील अनुच्चारित ‘सीएच’ काढून टाकले तरी आडनावात ते राहिले. आपण मराठीत ज्याला ‘बॉश’ म्हणतो त्या चित्रकाराच्या नावातही तेच अक्षर आहे. त्याचे घराणे मुळात ‘व्हान आकेन’. त्याने स्वतः मात्र चित्रांवर आपल्या शहराच्या, सेर्टोखेनबॉसच्या (अर्थ: ड्यूकचे रान), नावाचा शेवटचा तुकडा लिहिला. येथे रान हे रान नसून शहर आहे.

पाठभेदांकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. ग्रंथपाल आणि संगणक यांची रीत अशी, की सर्व रूपे एका ‘प्रमाण’ रूपाखाली गोळा करावीत. शोधाच्या सोयीसाठी ते ठीक. परंतु हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एवढ्यावर थांबू नये. पाठभेद हा लेखनिकाचा प्रमाद असू शकतो, तसाच तो प्रदेशाचा, पिढीचा, पोथीच्या वंशवृक्षाचा पुरावाही असू शकतो. राउसडाल घराण्याचे उदाहरण घ्या. थोर निसर्गचित्रकार याकोब व्हान राउसडाल (मृत्यू १६८२) आपले नाव ‘आय’ने लिहीत असे, त्याचा चुलता सालोमोन, तोही निसर्गचित्रकार, ‘वाय’ने. सालोमोनच्या मुलाचे नावही याकोब, आणि तोही चित्रकार. दोघा चुलतभावांतला भेद पुष्कळदा त्या एका अक्षरावर तोलला जातो. शुद्धलेखनाच्या उत्साहात तो पुसला तर एका माणसाची चित्रे दुसऱ्याच्या पदरात जातील. शिवाय हे आडनावच मुळात घराण्याने उचललेले आहे. सालोमोन पूर्वी ‘डे खोयर’, म्हणजे खोय प्रदेशाचा, म्हणून ओळखला जाई. पुढे त्या प्रदेशातील एका गढीचे नाव कुटुंबाने घेतले. नावातील ‘डाल’ म्हणजे दरी. डोंगर-दऱ्या नसलेल्या देशात निसर्गचित्रांना वाहिलेल्या घराण्याने दरीचे नाव धारण करावे, हा योगायोग रम्य आहे. पण ते नाव त्यांच्या दारातल्या दरीवरून आलेले नाही.

व्हर्मेरच्या बाबतीत अशी गल्लत प्रत्यक्षात झाली. डेल्फ्टच्या योहानेस व्हर्मेर (१६३२–१६७५) याचा बाप आधी ‘व्हॉस’, म्हणजे कोल्हा, हे नाव लावी. ‘व्हर्मेर’ हे पुढचे. ‘व्हर्मेर’ म्हणजे ‘व्हान डेर मेर’चे संक्षिप्त रूप, आणि त्या काळी हार्लेम व युट्रेख्ट येथेही या आडनावाचे चित्रकार होते. फ्रेंच समीक्षक तोरे-ब्युर्गर याने १८६६ साली विस्मृतीत गेलेल्या डेल्फ्टच्या व्हर्मेरचा पुन्हा शोध लावला, तेव्हा त्याच्या लांबलचक यादीत दुसऱ्यांची कितीतरी चित्रे शिरली. अनेक गावांत अनेक तळी, आणि प्रत्येक तळ्याकाठी ‘त्या’ तळ्याचा कोणीतरी. उपपद गावाच्या सीमेबाहेर गेले की निरुपयोगी होते, याचे हे उदाहरण.

आता ती दुसरी, गोड चूक. आडनाव हे पूर्वजांच्या घराचे चित्र आहे, असे मानण्याचा मोह. वंशावळीच्या हौशी संकेतस्थळांवर हा मोह भरभरून वाहतो. पण वर पाहिलेले एकेक उदाहरण त्याच्या आड येते. बॉशचे रान हे शहर, राउसडालची दरी ही गढी, फॉन्डेलचा साकव अज्ञात, व्हान गॉखचे ‘गॉख’ हे सीमेपलीकडचे जर्मन गाव. यात भर १८११ ची. नेपोलियनने आपल्या साम्राज्याला जोडलेल्या नेदरलंड्समध्ये १८ ऑगस्ट १८११ च्या हुकुमाने प्रत्येकाला कायमचे आडनाव नोंदवणे सक्तीचे झाले. पश्चिमेकडील प्रांतांत बहुतेकांना आडनावे आधीच होती. फ्रिसलंड, ड्रेन्टसारख्या भागांत अनेकजण केवळ बापाच्या नावावर भागवत होते, त्यांना नाव निवडावे लागले. काम एवढ्याने संपले नाही. १८२५ साली राजा पहिला विल्यम याला पुन्हा हुकूम काढावा लागला. डच लोकांनी नेपोलियनची चेष्टा म्हणून विचित्र नावे नोंदवली, अशी एक लोककथा आजही सांगितली जाते. ‘नाक्टखेबोरेन’, म्हणजे ‘नागवा जन्मलेला’, हे तिचे लाडके उदाहरण. पण असली नावे बहुतांशी १८११ पूर्वीची आहेत. हे विशिष्ट नाव तर बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचा अपभ्रंश असावे, असा अभ्यासकांचा कौल आहे. लोककथा खोटी असली तरी तिच्यामागची भावना खरी आहे: नाव घेणे आणि नाव घ्यायला लावणे, यांत फरक असतो.

‘व्हान’चा गैरसमज केवळ परक्यांचा असतो असेही नाही. जर्मन ‘फॉन’ हे खानदानाचे चिन्ह म्हणून ओळखले जाते, डच ‘व्हान’ नव्हे. तो शेतमजुराच्याही नावात असतो. बेथोव्हनचे आजोबा मेखेलेन या फ्लेमिश शहरातून बॉनला आले, आणि ‘व्हान’ त्यांच्याबरोबर आला. पुतण्याच्या पालकत्वाचा त्याचा दावा व्हिएन्नात सरदारांसाठी असलेल्या न्यायालयात चालू होता. डिसेंबर १८१८ मध्ये सरदारकीचा पुरावा नाही हे उघड झाले आणि तो दावा सामान्यांच्या न्यायालयाकडे गेला. बांधावरचा, ओढ्याकाठचा असे सांगणाऱ्या एका साध्या शब्दयोगी अव्ययाने परमुलखात केवढा रुबाब धारण केला होता, ते यावरून दिसते.

पण या शब्दाचा याहून कठोर प्रवास आपल्या समुद्राशी जोडलेला आहे, आणि तो वगळून भूरूपनामांचे कौतुक करणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन हा १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. नेदरलंड्समध्ये परतल्यावर १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथाने डच जहाजांना पूर्वेच्या वाटा उघड्या केल्या. पुढे डच ईस्ट इंडिया कंपनी आली, आणि कंपनीच्या वतीने यान व्हान रीबेक याने १६५२ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपला, ठाणे वसवले. त्याच्या आडनावाच्या शेवटी आपल्या ओळखीचा ‘बेक’ आहे. त्याच्या घरी एक गुलाम स्त्री होती. नोंदीत तिचे नाव अँजेला व्हान बेंगालेन, म्हणजे बंगालची अँजेला. ती १६६६ साली मुक्त झाली, पुढे एका युरोपीय वसाहतवाल्याशी विवाहबद्ध झाली, आणि तिच्या मुलांनी त्याचे बासोन हे आडनाव लावले. केपच्या दप्तरांत अशी ‘आडनावे’ पुष्कळ आहेत: व्हान बेंगालेन, व्हान मालाबार, व्हान डे कुस्ट.

शेवटच्या नावाकडे नीट पाहावे. ‘व्हान डे कुस्ट’, ‘त्या किनाऱ्याचा’. व्याकरण हुबेहूब व्हान डेर मेरचे: व्हान, उपपद, भूरूप. पण हा ‘तो’ किनारा कोणाच्या माहितीतला? कंपनीच्या बोलीत ‘कुस्ट’ म्हटले की कोरोमंडलचा किनारा समजायचा. उपपदातील ती सामायिक ओळख गुलामाच्या शेजाऱ्यांची नव्हती, ती वखारीतल्या कारकुनांची होती. तामिळ वा तेलुगू बोलणाऱ्या त्या माणसाच्या गावाला, ओढ्याला, टेकडीला नाव असणारच. ते विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. एका रचनेत उपपद जवळिकीची खूण असते, आणि अगदी त्याच रचनेत ते मालकीची नोंद होते. सूरिनाममध्ये तर ‘व्हान’ उघडच मालकी सांगू लागला: मुक्त केलेल्या गुलामाच्या नावापुढे ‘व्हान’ आणि त्यानंतर पूर्वीच्या मालकाचे नाव. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा तीस हजारांहून अधिक माणसांना आडनावे नोंदवून मिळाली. प्रस्थापित डच घराण्यांची नावे त्यांना देण्याची रीत नव्हती, म्हणून काही नावे उलटीपालटी करून घडवली गेली. ‘डे व्ह्रीस’चे ‘व्ह्रीस्डे’ झाले. हाही पाठभेदच. मात्र हा लेखनिकाच्या हातून झालेला नाही, तो हेतुपुरस्सर केलेला आहे.

याउलट केपमधल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची नावे शाबूत राहिली आणि फोफावली. हॉलंडमधील मेर्वे या नदीवरून आलेले ‘व्हान डेर मेर्वे’ हे आज दक्षिण आफ्रिकेत इतके रूढ आहे, की तेथल्या विनोदांतील ठरलेला भोळा नायक व्हान डेर मेर्वे असतो. आफ्रिकान्स लेखनात ‘व्हान डाइक’, ‘व्हान वाइक’ बहुधा ‘वाय’ने लिहिले जातात, आणि त्यावरून घराणे किती पूर्वी मायदेशापासून तुटले याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत शब्दांमधील जागाच गेली: डे बिल्ट या युट्रेख्टजवळच्या गावावरून आलेले नाव ‘व्हँडरबिल्ट’ असे एकसंध झाले आणि आगगाड्यांच्या मालकाचे नाव म्हणून जगाला कळले. तेथे ते उंचवट्याची आठवण करून देत नाही, केवळ संपत्तीची.

मग निष्कर्ष काय? मिल बरोबर होता, की नावाला अर्थ नाही? आमचे उत्तर असे: आडनावाचा अर्थ शब्दकोशात नाही आणि धारण करणाऱ्याच्या दारातही नाही. तो नावाच्या प्रवासात आहे, आणि प्रवासाच्या खुणा पाठभेदांत आहेत. म्हणून मराठीतून या विषयांवर लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांपुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. एक, ‘व्हान डेर’ हे मधले नाव नव्हे. ते आडनावाचा भाग म्हणून लिहावे. सूचीत कोठे घालावे याचा निर्णय मात्र देश पाहून करावा, कारण नेदरलंड्समध्ये व्हान डाइक ‘ड’खाली शोधतात आणि बेल्जियममध्ये ‘व’खाली. दोन, उच्चाराच्या शुद्धतेचा अतिरेक करू नये. पण एकाच पुस्तकात राउसडालची तीन रूपे आली तर ती तीन माणसे आहेत की एक, हे वाचकाला सांगावे. तीन, नावाचे भाषांतर करू नये, पण पहिल्या उल्लेखाला अर्थ सांगावा, आणि तो सांगताना ‘असा शब्दार्थ आहे’ एवढेच म्हणावे, ‘हे घराणे तेथे राहत होते’ असे नव्हे. चार, आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे: नाव कोणी ठेवले, घेतले की लादले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

नेदरलंड्समधील आडनावांचा एक कोश मेर्टेन्स संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झाला आहे. तीन लाखांहून अधिक नावे, त्यांची रूपे आणि प्रसार त्यात पाहता येतो. लोकसंस्कृतीच्या अशा संथ, कारकुनी वाटणाऱ्या संशोधनावर त्याच संस्थेतील एक संशोधक योहानेस याकोबस व्होस्काउल याने ‘हेट ब्युरो’ ही सात खंडांची कादंबरी (१९९६–२०००) लिहिली, आणि त्या कामाची निरर्थकता हाच तिचा एक विषय केला. हजारो पानांची ती कादंबरी डच वाचकांनी उचलून धरली. आम्हांला कादंबरीकाराच्या उपहासाबद्दल आदर आहे, पण त्या कपाटांतल्या कार्डांबद्दल अधिक. व्हान डे कुस्ट या तीन शब्दांचा अर्थ कोणीतरी उद्या विचारील, तेव्हा उत्तर त्या कार्डांतूनच शोधावे लागेल. आपल्याकडे मराठी आडनावांचा, त्यांच्या रूपांचा, त्यांमागच्या बुडालेल्या व उठलेल्या गावांचा असा पद्धतशीर विचार करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय हवा असेल, तर तो येथे तयार आहे.